पाठमोरी मुलगी

कैरोच्या त्या महिला साप्ताहिकाची मुखपृष्ठं इनायात इतकी वर्षं करत होती, की तिचे नियम अख्ख्या कचेरीला पाठ झाले होते. मुखपृष्ठावरच्या बाईनं वाचणारीच्या डोळ्यांत बघायचं. काळा कपडा नको, तो दुखवट्याचा. आणि मातृदिनाच्या अंकावर आई समोर बघणार, पण मूल पाठमोरं, आईच्या खांद्यात तोंड खुपसलेलं.

"अगं, एवढं गोजिरवाणं पोर शोधून आणायचं आणि त्याची पाठ छापायची!" संपादिका मादाम दौलत दरवर्षी चिडवायच्या. "तोंड दाखवलं तर काय बिघडेल?"

"तोंड दिसलं की ते कुणाचं तरी पोर होतं, मादाम. पाठमोरं असलं की घेणारी प्रत्येक बाई तिथं आपलं पोर बघते."

हे खरंच होतं. पण पोरांचे चेहरे तिला नकोसे का झाले होते, ते ती कुणाला सांगत नसे. तिची लेक शहीरा अलेक्झांड्रियाच्या समुद्रात बुडाली. ती गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी सासूबाईंनी घरातले तिचे सगळे फोटो जाळले. भिंतीवर फोटो राहिला की गेलेल्याला चैन पडत नाही, अशी त्यांची समजूत. इनायात आडवी आली नाही. आता तिला शहीराची लांब वेणी आठवे, अंगठ्यावरचा इस्त्रीच्या चटक्याचा डाग आठवे. चेहरा मात्र काही केल्या आठवत नसे. जन्मभर चेहरे सजवणाऱ्या बाईला पोटच्या पोरीचा चेहरा आठवू नये, याचं दुःख तिला आतून खात होतं. एकदा, फक्त एकदा तो दिसावा, एवढंच तिचं मागणं होतं.

यंदाचा अंक बाजारात आला आणि दुपारीच शुब्राहून एका बाईचा फोन आला.

"बाई, माझ्या हुदाचा फोटो तुम्हाला कुणी दिला हो?"

"कुठला फोटो?"

"अंकावरचाच की! हसतेय बघा, पुढचे दोन दात पडलेत." बाईचा आवाज कापायला लागला. "ती जाऊन चार वर्षं झाली, बाई."

इनायातनं अंक पुढ्यात ओढला. निळ्या फ्रॉकमधली, आखूड केसांची, पाठमोरी मुलगी. दात कुठले, गालसुद्धा दिसत नव्हता.

मग तांताहून फोन आला. त्या बाईला मुलगा दिसत होता, कुरळ्या केसांचा. तो तापानं गेला होता.

"लोकांना उद्योग नाहीत," मादाम दौलत म्हणाल्या आणि अंक घेऊन आपल्या खोलीत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं होतं.

"मला एक झाला होता, इनायात. तान्हाच गेला. इथं कुणाला ठाऊक नाही." त्यांनी अंक छातीशी धरला होता. "केव्हाचा माझ्याकडेच बघतोय गं."

"मला दिसत नाही, मादाम."

"नीट बघ की."

इनायातनं नीट बघितलं. पाठच दिसली. तिला हुंदका आवरेना. साऱ्या गावाला आपापली पोरं भेटत होती आणि तिच्या वाट्याला तेवढी पाठ आली होती.

संध्याकाळी कचेरी रिकामी झाली. बाहेरून मगरिबची बांग ऐकू आली. तिनं अंक डिंकाच्या बरणीला टेकवून उभा केला.

"शहीरा," ती म्हणाली. "बाळा, इकडे बघ ना."

काहीच झालं नाही. ती दिवा लावून परत आली.

मुलीच्या आखूड केसांची आता वेणी झाली होती.

आईच्या खांद्यावरच्या चिमुकल्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. अंगठ्यावर इस्त्रीचा डाग होता.

"शहीरा!"

वेणी हलली.

मुलगी सावकाश वळली.

कपाळ, डोळे, ओठ जिथं असायला हवेत, तिथं नुसता कोरा कागद होता.

इनायातनं टेबलावरचा रंगाचा ब्रश उचलला. कुठून सुरुवात करावी, ते तिला कळेना.

मुलगी मान किंचित तिरकी करून, मुकाट्यानं थांबून राहिली.