शेवटच्या रिळाच्या डब्यातली साखर

डबा उघडला आणि श्यामकांत ओरडले. आत रीळ नव्हतं. तळाशी मूठभर साखर होती.

एप्रिल २०२१. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात कोविडच्या नियमांमुळे घरी दिवसाला एकच पाहुणा बोलावता येत होता. श्यामकांतांनी त्या दिवसाचा पाहुणा शेजारच्या वसुधावर खर्च केला. नागपूरला ती फौजदारी वकील होती. इथे नवऱ्याच्या व्हिसावरची एक ओळ.

"काका, नेमकं काय गेलंय?"

"रँचवरचा सिनेमा! काउबॉय गातात, घोडे लाथा मारतात, नायक सारखा हौदात पडतो. त्याचं शेवटचं रीळ. दुसरी प्रत कुठे असल्याचं ऐकिवात नाही."

"घाई कसली?"

"उद्या संग्रहालयवाले तो डिजिटल करणार. ते झालं की परवा मी पुण्याला. त्याआधी हलणार नाही."

त्यांची मुलगी सुचेता टीव्हीकडे बघत होती. पुण्यात ऑक्सिजनसाठी रांगा लागल्या होत्या.

"काल कोण आलं होतं?"

"हेंक, माझा इथला डच दोस्त. सिनेमा त्याचाच, मला बघायला दिलेला. परत मागत होता."

"आणि जावईबापू?"

गौरवनं हेडफोन काढले. "वर्षभर माझ्या प्रत्येक मीटिंगमागे काउबॉय गातायत. चोरावंसं वाटलं होतं. चोरलं नाही."

वसुधानं मास्क खाली करून डबा हुंगला. जुन्या फिल्मचा व्हिनेगरसारखा आंबूस वास. तिनं खोल्या, कपाटं हुंगली. काही नाही. मागच्या सायकलींच्या शेडचं दार उघडलं, आणि तोच वास नाकात घुसला. पोत्यांमागे, साडीत गुंडाळलेलं रीळ.

ते टेबलावर ठेवून ती म्हणाली, "हेंकनं डब्यासकट नेलं असतं. गौरव, तू आमच्याकडून नेलेला एकही डबा परत आलेला नाही. साखर तर लांबच राहिली. काकांना लगेच कळू नये म्हणून चोरानं डबा जागेवर ठेवला. पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत ठेवायला हात धजला नाही. सवयीनं मूठभर साखर टाकली. ही सवय कुणी लावली, सुचेता?"

"आईनं."

सुचेता वडिलांकडे वळली.

"रीळ नाही तर विमान नाही, बाबा. जाऊ नका म्हणून किती सांगितलं. तुम्ही शीळ घालत बॅग भरत होता."

श्यामकांत खुर्चीत बसले. टीव्हीवरची रांग हलत नव्हती. त्यांनी तो बंद केला.

"रीळ उद्या जाऊ दे. मी नाही जात." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "आणि पुढच्या वेळी चोरी करण्याआधी जरा भांडून बघ गं माझ्याशी."