सरळ बघायचं नाही

दिवेलागणीला निरीक्षक टेकडीवरच्या दुर्बीणघराकडे निघाला, तशी त्याची सात वर्षांची लेक स्वेटरची बटणं लावत मागून धावत आली. घरात तिला सगळे बारकी म्हणत. हे रोजचंच होतं. एका ताऱ्याची चमक शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडून आकडा सांगायचा, हे त्याचं काम. तो आकडा वहीत उतरवायचं काम बायकोचं. कोपऱ्यातल्या टेबलाशी, लाल दिव्याच्या उजेडात, बारा वर्षं तिने ते केलं. दोन महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

"दादा, पोरीला वर नेऊ नकोस," बहीण दारातून म्हणाली. भाऊ एकटा पडला म्हणून ती राहायला आली होती. "काल अंगणात हाका मारमारून दमले. समोरच उभी होती म्हणे. मला दिसलीच नाही."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल तुझा," असं म्हणून तो चालू लागला.

चूक चष्म्याची नव्हती, त्याचीच होती, आणि ते त्याला आतून ठाऊक होतं. मंद तारा सरळ पाहिला की दिसेनासा होतो. अंधारात डोळ्याचा मधला भाग जवळजवळ आंधळा असतो, म्हणून नजर किंचित बाजूला ठेवायची, मग तारा हळूच उमटतो. त्याच्या धंद्यातलं हे साधं ज्ञान. पण बायको गेल्यावर पंधराव्या दिवशी त्याने सवयीने आकडा उच्चारला आणि कडेच्या नजरेला टेबलाशी ती लिहिताना दिसली. तिच्या केसांच्या तेलाचा वासही आला. मान वळवली तर खुर्ची रिकामी.

शहाणा माणूस तिथेच थांबला असता. पण दुःखाला कुठलं आलंय शहाणपण? पोरगी आईसाठी रडून रडून निळी पडायची, आणि तिला द्यायला त्याच्याकडे एवढंच होतं. त्याने तिला दुर्बिणीशी उभं केलं आणि कानात सांगितलं, "नजर इकडेच ठेव. आईकडे सरळ बघायचं नाही." त्या दिवसापासून तिचं रडणं थांबलं.

आज घुमट उघडला तेव्हा वारा पडला होता. त्याने डोळा लावला, आकडा सांगितला. कोपऱ्यात कागदावर पेन खरखरलं. तेलाचा वास आला.

"बाबा... आई बोलावतेय."

"इथूनच बघ."

"तिचा हात दुखतोय. म्हणते, आता तू लिही..."

त्याने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि हात मागे केला. "बारके, माझा हात धर. घरी जाऊ."

गार, इवलासा हात त्याच्या हातात आला. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. हातातला हात मात्र होता.

तो झटकन भिंतीकडे वळला. कडेला स्वेटर दिसला, वेणी दिसली. मग तो हात सैल झाला, एकेक बोट सुटत गेलं, आणि त्याने कितीही घट्ट धरलं तरी मुठीत काही उरलं नाही.

"तिला सोड गं," तो भिंतीशी बोलू लागला. "बारा वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही मी. मला ने. मी लिहितो... हवं तेवढं लिहितो. एवढीशी आहे गं ती."

पेन थांबलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. बहीण बॅटरी घेऊन धापा टाकत वर आली. "दादा, पोरगी कुठंय?"

"बॅटरी विझव ती... टेबलाकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ."

"अरे, टेबलाशी कोण आहे? कुणीच नाही तिथे."

तो बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मान वळवायची त्याची छाती नव्हती. कडेच्या अंधारात खुर्चीवर दोघी होत्या, आईच्या मांडीवर बारकी, हातात पेन. पोरीने तोंड वर केलं होतं. पण तिची नजर त्याच्यावर नव्हती. त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला, रिकाम्या जागी, ती डोळे ताणून बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा आता नीट दिसत नाहीत गं."