मामांची पाण्याची गाडी

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. ही गेल्या कार्तिकातली गोष्ट. आष्टी तालुक्यात, कड्याजवळच्या आमच्या वस्तीवरची.

माझे सासरे बिभीषण. मी त्यांना मामा म्हणायचे. लकव्यानं त्यांची वाचा आणि उजवं अंग गेलं होतं. खाली गादीवर पडून असायचे.

माझे मिस्टर रामेश्वर कड्यात मोबाईल दुरुस्त करतात. त्यांनी मामांसाठी एक छोटी गाडी बनवली. मामांनी हातातलं बटण दाबलं की गाडीवरचा लाल दिवा लागायचा आणि ती स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन गादीपाशी यायची.

आधी एकाच बॅटरीवर सगळं चालायचं. मोटारी फिरायला लागल्या की सर्किट बंद पडायचं, गाडी अर्ध्यातच थांबायची. मग ह्यांनी मोटारींना चार सेल वेगळे दिले आणि सर्किटला छोटी बॅटरी वेगळी.

त्या दुपारी आम्ही सगळे रानात कांदा लावत होतो.

परत आलो, तर मामा गेलेले. मूठ बटणावर घट्ट आवळलेली.

गाडी स्वयंपाकघरातच होती. पेला भरलेला.

आणि लाल दिवा... चालू.

मोटारींचे सेल उतरले होते. सर्किट चालूच होतं. म्हणजे गाडीला हाक पोचली होती, तिला निघता आलं नाही.

मला रडूही आलं नाही.

मूठ उघडेना. बटणासकट अग्नी दिला. परत आलो तेव्हा गाडीवरचा दिवा विझला होता. ह्यांनी उतरलेले सेल काढले आणि उकिरड्यावर फेकले.

रीतीप्रमाणे जीव गेला त्या जागी पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपलं झाकलं. सकाळी पिठात कशाचं पाऊल उमटलंय ते बघतात. माझ्या सासूबाई, बायनाबाई, एकच म्हणत होत्या, "तहानलेलेच गेले. आता कुणाला मागतेल पाणी?"

आम्ही ओसरीवर बसलो होतो.

आतून... घर्र.

थांबलं.

पुन्हा... घर्र.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाज दोघांनाही ओळखता आला होता. कुणी उठलं नाही.

सकाळी टोपलं उचललं. पाऊल नव्हतं.

दोन बारीक रेघा होत्या... चाकांच्या.

गाडी स्वयंपाकघरात जागच्या जागी होती. सेलची खोबण रिकामी. चाकांना पीठ लागलेलं.

पेला... रिकामा.

सासूबाईंनी रेघांवरून बोट फिरवलं. "पोचलं त्यांला पाणी," म्हणाल्या. "लई तहान लागली व्हती." मग पहिल्यांदा रडल्या. मला वाटलं, सुटले मामा.

सर्किटची बॅटरी फार तर आठवडाभर पुरते, असं हेच सांगायचे. तिला अजून कुणी हात लावलेला नाही. चार महिने झाले.

दुपारी लाल दिवा लागतो.

बटण तर चितेत जळालं. जो घरात असेल तो उठतो, पेला भरतो आणि मामांच्या जागेवर नेऊन ठेवतो.

रानात आता सगळे मिळून जात नाही. एकानं घरी थांबायचं.

आज मी थांबले आहे.