येते गं

प्राप्ती कुठलीही वस्तू सहजासहजी घ्यायची नाही. मुलीसाठी, शिवूसाठी, दुधाची बाटली घेताना तिनं बुचाच्या रबराबद्दल इतके प्रश्न विचारले होते, की दुकानदारानं शेवटी तिला बसायला स्टूल दिलं होतं. त्यामुळे हेडफोनसाठी ती मुरूडच्या बाजारात पुन्हा येऊन उभी राहिली, तेव्हा विनेशनं कपाळाला हात लावला. विनेश तिचा मामेभाऊ. कॉम्प्युटर विकायचा, दुरुस्त करायचा आणि या दोन्हींपेक्षा जास्त बोलायचा.

"ताई, दाजींना पसंत करताना एवढं बघितलं होतंस?"

"तेव्हा रिव्ह्यू वाचायला मिळाले नव्हते," प्राप्ती म्हणाली. "तो दुसरा दे."

प्रश्न हेडफोनच्या पाठीचा होता. क्लोज्ड बॅक कानांवर बसले की बाहेरचं जग संपायचं; ठेका थेट छातीत उतरायचा. ओपन बॅकच्या पाठीला जाळी. गाणं कानात कोंबल्यासारखं न वाटता समोर बसून कुणी गातंय असं वाटायचं, आणि शेजारच्या खोलीत मूल कुरकुरलं तरी कळायचं. गेम खेळणारे बंद पाठीचेच घेतात, असं विनेशचं म्हणणं. प्राप्तीनं जाळीचे घेतले. सोबत बोटाएवढं साउंड कार्ड, कारण घरच्या कॉम्प्युटरच्या मूळ भोकाला खाडीकाठच्या आगरदांड्याच्या खाऱ्या हवेनं हिरवट गंज चढला होता आणि पिन घातली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

"ह्यात सराउंड आहे," विनेश म्हणाला. "गेममध्ये मागून कोण आलं, तर मागूनच ऐकू येतं. घाबरून मान वळवशील."

"मी घाबरत नाही. मी सावध असते."

"दाजी वेगळं सांगतात."

घरी कृष्णाबाई पडवीत सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या हातातल्या खोक्याकडे पाहिलं, मग खोक्यावरच्या चित्राकडे.

"पोरीच्या आयनं कान बुजवून बसायचं? मंग पोरीकडं कोन बगनार?"

"कान बुजत नाहीत, आई. म्हणून तर हे घेतले. आणि शिवू झोपली की दुपारचा वेळ माझा." प्राप्तीला स्वतःचाच आवाज जरा चढल्यासारखा वाटला, पण तिनं तो खाली आणला नाही. "मी विचारत नाहीये. सांगतेय."

कृष्णाबाईंनी सुपाला नको तितका जोराचा झटका दिला. प्रज्योत, तिचा नवरा, नुकताच दिघीच्या फेरीबोटीनं कामावरून आला होता. तो मोजे काढता काढता म्हणाला, "घेऊ दे की. मला पण गाणी ऐकायला होतील," आणि विषय संपला.

प्राप्तीचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. अलिबागला हॉस्टेलवर असताना ती आणि तिची मैत्रीण साक्षी एकत्र गेम खेळायच्या, आणि पावलांचा आवाज सगळ्यात आधी प्राप्तीला यायचा. कुणी जिन्यावर आहे, कुणी भिंतीपलीकडे, ती न बघता सांगायची. शिवू झाल्यापासून तेच कान फक्त शिवूला वाहिलेले होते. तिचा श्वास, तिचा खोकला, झोपेत दात खाल्ल्याचा आवाज. शिवू आता बालवाडीत जायला लागली होती, तरी प्राप्तीला गाढ झोप म्हणून लागत नव्हती.

पहिल्या दुपारी तिनं आधी गाणं लावलं. तंबोऱ्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकू आल्या. गाणारीनं सूर लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. प्राप्तीला उगाचच रडू आलं, आणि मग हसू. तिनं गेम सुरू केला. पनवेलहून साक्षी ऑनलाइन आली. दोघी एका ओसाड बेटावर उतरल्या.

थोड्या वेळानं दूरवरून, डावीकडून, एका बाईचा आवाज आला.

"येते गं."

घरी जाणारी शेजारीण दारातून म्हणते, तसा. दमलेला, ओळखीचा. प्राप्तीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ये हं."

"कोणाला म्हणतेस?" साक्षीनं विचारलं.

"कोणीतरी गेलं ना आत्ता. येते म्हणाली."

"कोण जाणार? आपण दोघीच तर आहोत, येडे."

प्राप्तीनं ते सोडून दिलं. असेल दुसऱ्या कुणाचा माइक उघडा.

दुसऱ्या दुपारी आवाज पुन्हा आला, गाणं चालू असताना. तिसऱ्या खेपेला तर काहीच चालू नव्हतं. ती नुसते हेडफोन घालून पडद्यावर रिव्ह्यू वाचत होती. "येते गं." प्रत्येक वेळी तिचं "ये" आधी निघून जायचं, विचार मागाहून यायचा. जिभेला वळणच तसं. निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि घरातलं माणूस त्याला 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतं. जा म्हटलं तर माणूस परत येत नाही, हे काही कुणी शिकवत नाही. ते येतंच.

पण प्राप्ती विज्ञान शाखेची होती. तिनं सराउंड बंद केलं. यूएसबीचं भोक बदललं. मग तिनं हेडफोन उलटे घातले, डावा उजव्या कानावर. आता आवाज उजवीकडून यायला हवा.

तो डावीकडूनच आला. खाडीच्या बाजूनं.

तिनं खुर्ची फिरवली. हेडफोनमधलं जग डोक्याबरोबर फिरतं. समोर असलेलं समोरच राहतं. हा आवाज फिरला नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली तेव्हा तो पाठीमागून आला, दाराकडे तोंड केलं तेव्हा समोरून. कुठूनही ऐकला, तरी खाडीकडूनच. मग बाहेरचाच असणार, जाळीतून येत असणार. तिनं हेडफोन काढले. खाली धक्क्यावर फेरीबोटीचा लोखंडी पाट घासत उतरत होता, कुणी रिक्षावाला गिऱ्हाईक पुकारत होता. बाकी काही नाही. तिनं हेडफोन पुन्हा घातले.

"येते गं."

तिनं विनेशला फोन लावला.

"ताई, मच्छीमारांचा वायरलेस पकडत असेल," तो म्हणाला. "बोटीवरची बाई नवऱ्याला सांगत असेल, येते, भात टाक."

"वायरलेसला दिशा असते का?"

"नसते," विनेश म्हणाला. "आणून दे. बदलून देतो."

"बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्योत डबा घेऊन उंबऱ्याशी उभा राहिला. "येतो गं."

प्राप्ती ओट्याशी होती. तिच्या ओठांवर 'ये' आलं आणि तिथंच थांबलं. हातातली कणीक तशीच राहिली. जाणाऱ्याचा आवाज लांब जातो. पहिल्या दिवशी तो आवाज खाडीच्या पाण्यावर होता. मग धक्क्यावर. काल आंब्याखाली, जिथं प्रज्योत मोटरसायकल लावायचा. ती बाई निरोप घेत नव्हती. ती सांगत होती. आणि आपण रोज तिला म्हणत होतो, ये.

"अगं, ये म्हण की," प्रज्योत खोळंबला होता. "फेरी चुकेल माझी."

"नीट पोच," प्राप्ती म्हणाली.

तो गेल्यावर कृष्णाबाई आत आल्या. सुनेजवळ आल्या की त्या सहसा काहीतरी लावून बोलायच्या. आज त्यांचा आवाज बारीक होता.

"दुपारची कोनाला ये म्हनतेस तू?"

"तुम्हाला ऐकू येतं?"

"तुजं येतं. दुसरं कोनाचं न्हाय." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "पन शिवू बी म्हनते. झोपंत. तू म्हनालीस की तिकडं ती म्हनते."

प्राप्तीनं वळून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"टाकून दे ते खाडीत," कृष्णाबाई म्हणाल्या. "व्हय, आत्ता जा नि टाक."

"टाकल्यावर काय होईल, आई? ती यायची थांबेल?" प्राप्तीचे हात कणकेतच होते. "फक्त मला ऐकू यायचं थांबेल. कुठं पोचली ते तरी मला कळायला पाहिजे. माझी पोर आहे घरात. मी कान बंद करून बसणार नाही."

कृष्णाबाई शिवूचं अंथरूण स्वतःच्या खोलीतून उचलून कॉम्प्युटरच्या खोलीत घेऊन आल्या, प्राप्तीच्या खुर्चीच्या मागे. स्वतः आतल्या दाराला पाठ लावून खाली बसल्या.

दुपार झाली. शिवू जेवली, गोष्ट ऐकता ऐकता झोपली. बाहेर उन्हानं आंब्याची पानंसुद्धा हलत नव्हती. प्राप्तीनं पुढचं दार सताड उघडं ठेवलं, त्याच्याकडे तोंड करून खुर्ची मांडली आणि हेडफोन घातले. गाणं लावलं नाही. गेम लावला नाही.

आधी पावलं आली. अनवाणी, ओली. अंगणातल्या फरशीवर. डोळ्यांना फरशी कोरडी दिसत होती.

एक पायरी. दुसरी.

उंबऱ्यापाशी पावलं थांबली. दारात ऊन होतं, फक्त ऊन.

"येते गं."

इतक्या जवळून, की त्यामागचा श्वासही ऐकू आला. पाठीमागे झोपेत शिवूनं कूस बदलली. जीभ सवयीनं वर उचलली गेली. प्राप्तीनं ती दातांखाली धरली.

मग तिनं तो शब्द उच्चारला, जो निघालेल्या माणसासमोर तिनं कधी उच्चारला नव्हता, या घरात नाही, माहेरी नाही, शत्रूलाही नाही.

"जा."

कृष्णाबाईंच्या तोंडून हाय निघालं.

"जा," प्राप्ती उभी राहून म्हणाली. "या घरातून जा. परत येऊ नकोस. कधीच येऊ नकोस. जा!"

मग पावलं वाजली. उंबऱ्यावर नाही. तिच्या पाठीमागे.

हलकी, कोरडी पावलं. अंथरुणापासून निघाली, खुर्चीच्या कडेनं, तिच्या गुडघ्यांना घासून पुढे गेली. उंबरा ओलांडला. पायऱ्या धावत उतरली. अंगण, आंबा, धक्क्याकडचा उतार. खाडीकडे. विरली.

गेली. प्राप्तीला हसू फुटलं. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि मागे वळली.

शिवू अंथरुणावर उठून बसली होती. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. आईकडे बघून ती हसली आणि काहीतरी म्हणाली.

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"काय गं, सोन्या?"

ओठ पुन्हा हलले. कृष्णाबाई उठून तिच्याजवळ गेल्या. "पानी पायजे? देते हां," म्हणाल्या, आणि तिचा गाल कुरवाळला. त्यांना ऐकू येत होतं.

अलिबागच्या डॉक्टरांनी प्राप्तीचे कान तपासले. उत्तम होते. प्रज्योतला शिवूची बडबड ऐकू यायची, शेजाऱ्यांना यायची, बालवाडीच्या बाईंना यायची. पोर पूर्वीपेक्षा शहाणी झाल्याचं सगळे म्हणायचे. जेवताना त्रास देत नाही. रडत तर नाहीच.

प्राप्तीनं हेडफोन विनेशला परत दिले नाहीत.

ते पुन्हा घातल्यावर पहिल्याच दुपारी तिला आवाज आला. बारीक, दमलेला, खाडीच्या पाण्यावरून.

"आई, येते गं."

तेव्हापासून तिची दुपार कुणी मागत नाही. प्रज्योतनं एकदा मागून बघितली. शिवूकडे बघ, मला बघ, हे वेड सोड, म्हणाला. प्राप्तीनं त्याला शांतपणे खोलीबाहेर काढलं. कृष्णाबाई काही बोलत नाहीत. पुढचं दार मात्र त्याच उघडून ठेवतात. प्राप्ती दाराकडे तोंड करून बसते आणि तो आवाज आला की जमेल तितक्या मोठ्यानं म्हणते, "ये. ये बाळा. ये." खालच्या वाटेवरून जाणारे मान वर करून बघतात. बघू देत.

आवाज धक्क्यावर आला. उतारावर आला. पावलं लहान आहेत, वेळ लागतो. काल तो आंब्याखाली होता.

त्या वेळी शिवू तिच्या मांडीवर बसलेली असते, पाठ तिच्या पोटाला टेकून, अगदी शांत. अंग उबदार. केसांना तेच तेल. काल प्राप्तीनं "ये" म्हटल्याबरोबर तिनं मान उघड्या दाराकडे वळवली.

तिचे ओठ हलले. प्राप्तीला ऐकू काही आलं नाही, पण 'ये' म्हणताना ओठ आडवे फाकतात, आणि शिवूचं तोंड मात्र आ करून उघडलं होतं, सावकाश, नीट, जणू शब्द पाठ करत होती.

जा.