तोरिबेनोच्या माळावरचं ध्यान

एन्शुन महाराजांना सगळं जग क्षणभंगुर वाटायचं, स्वतःचं नाव तेवढं सोडून. सरदारकीवर पाणी सोडून ते संन्यासी झाले होते, पण झोपडीत धूप मात्र दरबारी जळायचा. चेरीचा मोहर गळाला की यांचे डोळे भरून येत. शेजारी कोणी उपाशी मेलं तर कोरडेठाक.

त्या शरदात ते राजधानीबाहेर, मयतं टाकायच्या तोरिबेनोच्या माळावर गेले. उघड्यावरचं प्रेत कुजताना रोज बघायचं, म्हणजे देहाचा मोह सुटतो, अशी भिक्षूंची जुनी रीत. महाराजांना मोह कुठे सोडायचा होता? दरबारातल्या कवींची तोंडं बंद करील अशी एक कविता हवी होती.

प्रेतही देखणं मिळालं. इतोमे नावाची तरणी विणकरीण, तापाने गेलेली. उशाशी तिची आई मात्सुमे बसली होती. लाकडं तिने गोळा केली होती, पण गरिबाच्या मयताला दुसरा कोणी भिक्षू फिरकत नव्हता.

"महाराज, अमिताभ बुद्धाचं नाव तेवढं घ्या. मग अग्नी देते. नावाशिवाय पोरीला वाट सापडायची नाही."

"घाई काय आहे, म्हातारे? कुजू दे जरा. सौंदर्याचा शेवट बघायचाय मला."

"पोर आहे हो माझी..."

"होती. आता माती आहे."

महाराज रोज संध्याकाळी येत, कागद-कुंचला घेऊन बसत. पण इतोमे कुजेना. गाल तसेच, ओठ तसेच. वास मात्र सुटला, गोडसर, घशाला चिकटणारा.

"एवढी घाण येतेय, आणि ही अजून अशी कशी?" नाकाला बाही लावून ते खेकसले.

"तिला वास नाही, महाराज," मात्सुमे हळूच म्हणाली. "तुम्ही आलात की येतो..."

त्यांनी बाही खाली केली. हाताची कातडी निळी पडून सुटली होती. एक नख बाहीलाच चिकटून राहिलं, आणि दुखलं काहीच नाही. सगळा रुबाब उतरला. ते गुडघ्यांवर कोसळले.

"घेतो नाव... आत्ता घेतो... दे तिला अग्नी..."

तोंड उघडलं, पण पुढे जीभ हलेना.

"राहू द्या," मात्सुमे म्हणाली. तिने लाकडं उचलली आणि महाराजांभोवती रचायला घेतली. "नाव सकाळपासून चाललंय."

महाराजांनी मान वळवली. इतोमेचे ओठ हलत होते. अमिताभाला विनवून ती एका मेलेल्या माणसासाठी वाट मागत होती, आणि त्या माणसाचं नाव एन्शुन होतं.