तटाबाहेरची पेठ

तिळगंगेकाठचं पठार पहाटेच्या धुक्यातून पुरतं वर आलंही नव्हतं, तोच सुरुंग लावण्यात आणि तट बांधण्यात सारखेच वाकबगार असलेले जयकर्ण महाराजांचे दुर्गरचनाकार गिरमाजी, नव्या राजधानीच्या तटाच्या, फक्कीनं आखलेल्या रेघेवरून पुन्हा चालू लागले. साळ्यांच्या पेठेपाशी रेघ आत वळे, पेठ बाहेर राही, आणि तिथं रोज त्यांच्या कानांत दारावर आपटणारे हात घुमू लागत.

सात वर्षांपूर्वी कोटंब्याच्या वेढ्यात तटाबाहेरची सारी वस्ती जीव मुठीत धरून वेशीशी धावली होती. आतल्यांनी दार उघडलं नाही, आणि वेढा घालून बसलेल्या महाराजांचा हुकूम आला म्हणून, माणसं दाटलेल्या त्या वेशीखालच्या सुरुंगाला बत्ती दिली ती याच गिरमाजींनी. त्या पापाबद्दल त्यांना सोन्याचं कडं मिळालं होतं.

ऊन चढलं तशी महाराजांची स्वारी पाहणीला आली. दिवाण चिंतोपंत, ज्यांचं धोतरही याच पेठेतल्या मागावरचं होतं, म्हणाले, "सरकार, पेठ बाहेरच बरी. तट आखूड, तितका पहारा थोडका. गनीम आलाच तर साळी पळतील कुठंही."

"कुठंही नाही, पंत. वेशीशीच येतील," गिरमाजी म्हणाले.

"रेघ आहे तिथंच राहील," महाराजांनी निर्वाळा दिला.

गिरमाजींनी मुजरा केला. "आज्ञा शिरसावंद्य. मग सेवकाला घरासाठी जागा त्या पेठेतच मिळावी."

दिवाणांना हसू आलं आणि लगेच ओसरलं. चोरदिंड्या कुठं, पाणी कोणत्या भुयारातून येतं, हे सारं जाणणारा माणूस तटाबाहेर राहणार, म्हणजे राजधानीच्या किल्ल्या गनिमाच्या हाती देण्यासारखंच होतं.

महाराजांचा हात तलवारीवर गेला. "आणि तुमची गर्दन इथंच मारली तर?"

"अर्धी भुयारं अजून खणायची आहेत, सरकार. त्यांच्या वाटा फक्त या डोक्यात आहेत."

गिरमाजी जागचे हलले नाहीत. अखेर महाराजांनी तलवारीवरचा हात काढला. "पेठ आत घ्या. मात्र तट पुरा झाल्यावर तुम्ही त्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. हयातभर."

तीन वर्षांत तट उभा राहिला. नदीपल्याड, दोन कोसांवर, गाव सोडायला काही केल्या तयार नसलेली गिरमाजींची म्हातारी आई होती. ती गेल्याचा सांगावा आला तेव्हा ते बुरुजावर चढले आणि पलीकडे धूर दिसू लागताच लेकरासारखे रडले. तिला खांदा द्यायला पेठेतले चार साळी, कुणी न सांगता, केव्हाच नदीपार गेले होते.