आतलं पितळ

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लुनेनबर्गमधल्या हार्डवेअरच्या दुकानात रंगाचा काउंटर डेला झ्विकर सांभाळायची. सप्टेंबरातल्या एका दुपारी बंदरावरून धुकं आणि भुरभुर पाऊस एकदमच आले, आणि त्यांच्या पाठोपाठ एक उंच, ओलाचिंब तरुण. त्यानं खिशातून बोटाएवढा हिरवा ठोकळा काढून तिच्यापुढे ठेवला. पारदर्शक होता – समुद्राचं पाणी गोठवून कापावं तसा.

"या छटेचा रंग हवाय."

"केवढ्या भिंतीसाठी?"

"भिंत नाही... नळी आहे. एवढी." त्यानं करंगळी वर केली.

डेलानं करंगळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आमचा सगळ्यात लहान डबा घेतलात, तरी करंगळी सोडा, तुम्ही अख्खे रंगून निघाल."

तो हसला. कान लाल झाले. नाव वेस्ली कॉर्कम. दिवसा होड्यांच्या कारखान्यात काम, संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये हातानं पेनं बनवणं. असल्या ठोकळ्याला – त्याला ब्लँक म्हणतात – आरपार भोक पाडायचं, आत पितळेची नळी चिकटवायची आणि मग लेथवर कातायचं. पण कातून पातळ झालं की आतलं पितळ दिसू लागतं आणि हिरव्याचं शेवाळ होतं. म्हणून नळीला बाहेरून आणि भोकाला आतून रंग द्यायचा.

"एवढं कोण बघतंय?" डेलानं विचारलं.

"मी बघतो ना."

हे उत्तर तिला आवडलं. तिनं नमुन्याच्या इवल्याशा बाटलीत रंग कालवून दिला.

मग वेस्लीच्या फेऱ्या सुरू झाल्या. कधी मधाचा पिवळा, कधी वाइनचा लाल, कधी "परवाचाच, पण किंचित उदास". दुकानाच्या मालकीण हर्टलबाई खिळे तोलता तोलता म्हणाल्या, "एवढी पेनं घेऊन लिहिणार कोण? पोरी, रंग नळीला देतोय, पण पितळ उघडं पडलंय त्याचंच."

"काहीतरीच हं, बाई!" डेला म्हणाली. आणि त्या संध्याकाळी शेडवर गेली.

वेस्लीनं तिला कापसाची काडी रंगात बुडवून भोकात फिरवायला शिकवलं. तिनं फिरवली, नळी रंगवली, आणि दम न धरता लगेच चिकटवूनही टाकली. कातताना रंग सुटला. जांभळ्यातून पितळेचा डाग डोकावला.

"वाळू द्यायला हवं होतं," तो म्हणाला.

"किती वेळ?"

"उद्यापर्यंत."

"म्हणजे मी उद्याही यायचं?"

"माझं काही नाही... रंगाचा आग्रह आहे."

ती दुसऱ्या दिवशी गेली. नंतरही जात राहिली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस दोन दिवसांच्या वाटेवरच्या हॅमिल्टनहून फोन आला. तिथल्या रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिनं उन्हाळ्यातच अर्ज केला होता. तिची निवड झाली होती. तिला हेच काम हवं होतं, शाळेत असल्यापासून. तिनं हर्टलबाईंना सांगितलं, वेस्लीला नाही. त्याला ते बाईंकडूनच कळलं. तो "छान झालं" म्हणाला आणि रंग न घेताच गेला.

डेला तडक शेडवर पोचली.

"थांब म्हणाला नाहीस."

"थांबली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग काय... म्हणायचं तरी!"

वेस्लीनं हातातली नळी खाली ठेवली. "थांब," तो म्हणाला. "तुला जायलाच हवं, हे कळतंय मला. तरी थांब. मला तू आवडतेस, डेला. तुझ्या काउंटरवर येण्यासाठी मी नको असलेले ब्लँकही विकत घेतलेत."

"नाही थांबत," ती म्हणाली. तिनं कपाळ त्याच्या एप्रनवर टेकलं. निघताना तिच्या केसांत लेथवरच्या लाल किसाच्या गुंडाळ्या अडकल्या होत्या. त्यानं काढल्या नाहीत, तिनं झटकल्या नाहीत.

ती गेली. हॅमिल्टनमधलं काम तिच्या मनासारखं होतं आणि खोली थंड होती. फोन होत असत. दोघंही हवामानाबद्दल फार बोलत. नाताळ झाला. एका फोनवर ती मधेच म्हणाली, "वेस, मला इथं आवडतं. पण रोज संध्याकाळी मी चुकीच्या घरी परतते, असं वाटतं."

पलीकडून "बरं," एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दाराची घंटा वाजली. डेलानं खिडकीतून पाहिलं. खाली बर्फानं माखलेला ट्रक, मागे ताडपत्रीखाली काहीतरी अवजड, आणि शेजारी वेस्ली, डोळ्यांत जागरण.

खिडकी उघडून ती ओरडली, "किती दिवसांसाठी आलास?"

"लेथ आणलंय सोबत," तो खालून म्हणाला. "इथल्या बंदरावरच्या कारखान्यात काम मिळालंय. तिकडे हे ट्रकवर चढवायला दोन माणसं लागली. उतरवायला मी एकटाच आहे..."

डेलानं कोट घेतलाच नाही. बूट मात्र घातले, तेही जिन्यात, पळता पळता.